पणजोबांच्या वडिलांचं नाव सापडत नाही? वंशावळ अडते तिथून पुढे कसं जायचं

वंशावळ लिहायला घेतली की आजोबा, पणजोबांपर्यंत काम सहसा सुरळीत होतं. मग एक माणूस असा येतो की त्याच्या बापाचं नाव कुठेच मिळत नाही. शोध जात पडताळणीसाठी असो, वारसाच्या तंट्यासाठी असो की हौसेखातर, अडण्याची कारणं बहुतेकदा तीच ती असतात. बापाचं नाव अनेकदा दुसऱ्याच कुणाच्या नोंदीत बसलेलं असतं: भावाच्या, विधवा आईच्या, चुलत्याच्या. एकाच माणसाच्या नावाने दप्तरं उलटत बसलात तर ते डोळ्यांसमोरून निघून जातं.

खालच्या तपासण्या फुकटापासून महागापर्यंत लावल्या आहेत. मधल्या पायऱ्या गाळून थेट पुण्याच्या पुराभिलेखागारात जाण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो आवरा.

आधी लक्षणं

१. नाव आहे, मागचं नाव नाही. ‘गोविंदा, रा. मौजे अमुक’, एवढंच. हे सगळ्यांत सोपं दुखणं. त्या कागदासाठी कारकुनाला बापाची गरज नव्हती. त्याच गावच्या दुसऱ्या दप्तरात असण्याची शक्यता मोठी.

२. दोन कागदांत दोन बाप. सातबाऱ्यावर ‘गोविंदा राणू’, शाळेत ‘गोविंदा धोंडू’. मागे चारपैकी एक कारण निघतं: दत्तक, पालकाचं नाव बापाच्या रकान्यात, एकाच नावाची दोन माणसं, किंवा एकाच बापाची दोन नावं.

३. बापाच्या जागी आईचं नाव. आई विधवा असेल, टाकलेली असेल, देवदासी, मुरळी, भावीण किंवा कलावंतीण असेल, किंवा लग्नाबाहेर मूल झालं असेल. या चार परिस्थितींचे कागद वेगवेगळ्या ठिकाणी असतात, त्यामुळे कोणती ते आधी ठरवायला हवं.

४. माणूस गावात अचानक उगवतो. १९०५ साली जमीन आहे, घर आहे, आणि त्याआधीच्या कुठल्याच नोंदीत ते घराणं नाही.

५. सनावळी बसत नाही. बाप १८९८ साली मेला, मुलगा १९०१ सालचा. लगेच कारकुनाला दोष देऊ नका. आपल्याकडे विधवेला नवऱ्याच्या नावे दत्तक घेता येत असे, नवऱ्याने हयातीत तशी परवानगी दिलेली नसली तरी. अशा मुलाच्या नावापुढे त्याच्या जन्माआधी वारलेल्या माणसाचं नाव लागतं आणि ते कायद्याने बरोबर असतं. जन्मदात्याचा शोध मग वेगळा सुरू होतो, आणि तो बहुधा त्याच भाऊबंदकीत सापडतो.

घरातली तपासणी: खर्च शून्य

‘पणजोबांच्या वडिलांचं नाव काय?’ असं विचारलं की म्हातारी माणसं ‘माहीत नाही’ म्हणतात आणि विषय संपतो. प्रश्न बदला. आपल्या घरात कुणी गेलं की कोणकोणत्या घरांना दहा दिवसांचं सुतक येतं, कोणाला तीन दिवसांचं? पूर्ण सुतक सपिंडांना, म्हणजे परंपरेने सात पिढ्यांच्या आतल्या भावकीला, त्यापलीकडच्यांना कमी. ज्या घराला तुमचं दहा दिवसांचं सुतक येतं त्याचा आणि तुमचा मूळ पुरुष एकच. तुमच्या शाखेत विसरलेलं नाव त्या शाखेत माहीत असू शकतं. हा प्रश्न सासरी आलेल्या वृद्ध बायकांना आणि लग्न होऊन बाहेर गेलेल्या आत्यांनाही विचारा. सुतकाचा हिशेब पुरुषांपेक्षा त्यांच्या ध्यानात पक्का असतो.

दुसरं, श्राद्धाची याद. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, त्यामुळे ती चिठ्ठी पोथीत, पंचांगात किंवा गुरुजींच्या वहीत असते. आजोबा स्वतः श्राद्ध करत त्या काळातली याद मिळाली तर त्यांच्या प्रपितामहापर्यंतची नावं एका ओळीत हाती येतात. जुन्या जन्मपत्रिकेत बापाचं आणि बरेचदा आजाचं नाव असतं. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उतरवा: लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं पूर्ण नाव, कधी गाव आणि तारीखही कोरलेली असते. चिंचेने घासून तिरप्या उजेडात फोटो काढला की पुसट अक्षरं उठतात.

मुलांची नावंही पाहा. वारलेल्या आजाचं नाव थोरल्या नातवाला ठेवायची रीत अनेक घरांत होती. गोविंदाच्या थोरल्या मुलाचं नाव बाळा असेल तर गोविंदाचा बाप बाळा असण्याची शक्यता धरून पुढचे कागद वाचा. हा फक्त अंदाज आहे. वंशावळीत लिहू नका.

नोंद नीट वाचली का?

बरेच ‘बाप सापडत नाही’ इथेच सुटतात. ‘बिन’ आणि मराठवाडा-विदर्भाकडचं ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’, ‘भ्रतार’, ‘जौजे’ यांच्यापुढे नवऱ्याचं नाव येतं. ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘सखू कोम बाळा’ या नोंदीत बाळा सखूचा बाप नाही. सखूच्या मुलांचा बाप मात्र तो असू शकतो.

आता सगळ्यांत कामाची नोंद. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता लिहिलेलं असतं. ‘गोविंदा अ.पा.क. आई सखू कोम बाळा’ असं दिसलं की गोविंदाचा बाप मिळाला. पुढे गोविंदा सज्ञान झाला, पालनकर्तीचं नाव कमी झालं आणि नंतरच्या सगळ्या उताऱ्यांत नुसता गोविंदा उरला. म्हणून आजचा उतारा पाहून निराश होऊ नये. १८९६ नंतरची प्लेगची वर्षं आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांत तरुण बाप मोठ्या संख्येने गेले. त्या काळातल्या दप्तरांत अ.पा.क. नोंदी खास शोधाव्यात.

‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. खात्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असतं आणि बाकीचे भाऊ त्याच्या मागे दडलेले असतात. तुमचा माणूस गावात दिसत नसेल तर तो बहुधा या मॅनेजरच्या आड आहे.

सनाचा गोंधळही तपासा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९). फसली सनात ५९० मिळवायचे, काही महिन्यांत ५९१. निजामाच्या मुलखातल्या नोंदीत ‘१३४३ फ.’ दिसलं तर ते १९३३-३४ आहे. आणि आडनावाचा हट्ट सोडा: जुन्या खेडेगावी नोंदींत आडनाव नसणं हेच नेहमीचं. आडनावाने शोधणारा माणूस अर्धी पानं विनाकारण गाळतो.

शाळेचं जनरल रजिस्टर

ज्या गावात आजोबा किंवा पणजोबा शिकले असतील तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल-खारीज नोंदवही, म्हणजे जनरल रजिस्टर, पाहायला मिळतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि शक्य तर स्वतः समोर बसून पानं पाहा. कारण नाव शोधून द्यायला सांगितलं की सांगितलेलंच स्पेलिंग शोधलं जातं, ‘गोविंद’, ‘गोंदा’, ‘गोइंदा’ राहून जातात.

घोटाळा होतो तो पालकाच्या रकान्यात. आजोळी राहून शिकणाऱ्या मुलाच्या नावामागे मामाचं नाव चिकटलेलं असतं. दुसऱ्या लक्षणाचा, दोन बापांचा, उलगडा बऱ्याचदा इथे होतो. जन्मस्थळ आणि आधीची शाळा हे रकाने बापाच्या रकान्याइतकेच मोलाचे, कारण चौथ्या लक्षणातल्या माणसाचं मूळ गाव तिथून कळतं. भावंडंही एकाच वेळी उतरवून घ्या: त्याच घरातला दुसरा मुलगा दोन वर्षांनी दाखल झाला असेल तर त्याच्या ओळीत बापाचं नाव नीट असू शकतं.

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावचे जन्म-मृत्यू गाव नमुना १४ मध्ये नोंदले जात आणि ही बुकं साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज, कोर्ट फी स्टँप आणि नकलेची फी एवढ्यात काम होतं. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत जातो, नक्कल पानाला २ रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून ‘आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी’ मागू नका, ‘मौजे अमुक, गाव नमुना १४, सन १९०० ते १९१०, अभिलेख पाहण्यास मिळावा’ असं मागा.

लोक इथे मुलाचं नाव शोधतात आणि चुकतात. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच असतं, कारण नोंद बारशाआधीची. उलटा विचार करा: अंदाजे जन्मसालाच्या पुढची-मागची पाच वर्षं घ्या, जात आणि घर जुळणाऱ्या सगळ्या बापांची यादी करा, मग एकेक नाव खोडत या.

मृत्यूची नोंद जास्त फळ देते. तिथे ‘गोविंदा बिन बाळा, वय ६०’ असं पूर्ण नाव असण्याची शक्यता मोठी. वय मात्र अंदाजे, पाचाच्या किंवा दहाच्या पटीत सांगितलेलं. त्यावरून काढलेलं जन्मसाल सात-आठ वर्षं इकडेतिकडे सरकू शकतं. फक्त तुमच्या माणसाची नोंद पाहून थांबू नका. त्याच्या प्रत्येक भावाची, अविवाहित बहिणीची मृत्यूनोंद काढा. भावाचा बाप तोच याचा बाप.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अनेक जिल्ह्यांनी जुनी पानं स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर गाववार टाकली आहेत. घरबसल्या पाहायला उत्तम. पण तो संग्रह त्या जातनोंदीच्या शोधातून तयार झाला आहे. तिथे नाव मिळालं नाही म्हणजे बुकात नाही, असं होत नाही.

फेरफार: खरा मामला इथे सुटतो

जमीन असलेल्या घराण्यासाठी यापेक्षा चांगलं साधन नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि पुढच्या वर्षांत गावोगाव फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, सुरू झाली. तेव्हापासून जमिनीवर नाव चढलं किंवा उतरलं की त्याचं कारण लिहिलं गेलं.

काम असं करा. आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या. सर्वांत जुन्या क्रमांकाचा फेरफार काढा, त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळेल. त्याच्या नावाचा जुना सातबारा काढा, त्यावरचे फेरफार पाहा, आणि असं एकेक पाऊल मागे जात राहा. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बऱ्याच गावांचे जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे नसतील ते तहसीलच्या अभिलेख कक्षात.

तुमच्या माणसाच्या नावे जमीन कशी आली, हे पहिलं पाहायचं. ‘वारस’ असेल तर मयत खातेदाराचं नाव आणि प्रत्येक वारसाचं नातं त्याच नोंदीत लिहिलेलं असतं: मुलगा, विधवा, पुतण्या, नातू. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली सहसा दिसत नाहीत, त्यानंतरच्यांत दिसतात. म्हणून उशिरा झालेली वारसनोंद जास्त पूर्ण असते. ‘खरेदी’ असेल तर त्या फेरफारात बाप मिळेलच असं नाही. ‘वाटप’ असेल तर सोनंच: हिस्से पडलेले सगळे भाऊ किंवा चुलते एका पानावर येतात. पोटहिस्स्याचे क्रमांक तपासा, एकाच गटाचे तुकडे शेजारी-शेजारी कोणाकडे गेले ते पाहा, आणि त्या प्रत्येकाच्या मागच्या नावाची नोंद ठेवा. चौघांपैकी तिघांपुढे ‘बिन बाळा’ असेल आणि चौथ्यापुढे काहीच नसेल, तर चौथा कोणाचा हे जवळपास ठरलं. जवळपास म्हणण्याचं कारण असं की चौथा पुतण्याही असू शकतो, बाप वारल्यामुळे आज्याच्या वाटणीत आलेला.

काय नाही हेही वाचायला शिका. माणूस त्या घरात वाढला, त्याच घराचं नाव लावतो, पण घरमालकाच्या वारसनोंदीत त्याचं नाव नाही आणि हिस्साही नाही. अशा ठिकाणी आईचा पाट लागलेला, म्हणजे तिचं दुसरं लग्न झालेलं, असण्याची शंका घ्यावी. पाटाच्या रिवाजात आईबरोबर आलेल्या पहिल्या नवऱ्याच्या मुलाला नव्या घरात नाव मिळायचं, जमिनीत हिस्सा मिळत नसे. त्याच्या बापाचा शोध आईच्या पहिल्या सासरच्या गावी घ्यावा लागतो, आणि त्या गावच्या दप्तरात तिचं नाव विधवा म्हणून अ.पा.क. नोंदीत असू शकतं.

गावात अचानक उगवलेल्या माणसाच्या बाबतीत जमीन सासऱ्याकडून आली का ते पाहा. मयत खातेदाराचा वारस ‘जावई’ किंवा ‘मुलीचा मुलगा’ असा लिहिला असेल तर तो घरजावई किंवा त्याचा वंशज. मूळ गावासाठी कुलदैवताचं ठिकाण, देवक आणि जन्मस्थळाचा रकाना यांची सांगड घाला. १८७६ ते १८७८ चा आणि १८९९-१९०० चा, छप्पन्नच्या सालाचा म्हणून लक्षात राहिलेला, दुष्काळ यांत घराणीच्या घराणी उठून दुसरीकडे गेली, त्यामुळे शंभर मैलांवरचं मूळ गावही अशक्य मानू नये.

१९०३ च्या मागे जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयातलं मूळ सर्व्हेचं दप्तर. इलाख्यातली मोजणी-आकारणी १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. शेतवार पत्रक, प्रतिबुक यांत खातेदार ‘अमुक बिन तमुक’ असा मिळू शकतो. मराठवाड्यात १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पत्रक हे पाया मानलं जातं. त्याच्या मागचं दप्तर उर्दूत. विदर्भात मिसल आणि अधिकार अभिलेख अशी नावं विचारा, ‘फेरफार द्या’ म्हणालात तर अलीकडचेच मिळतील.

एकच सर्व्हे नंबर, एकच गाव, पण ‘राणू बिन धोंडू’ तीन असतात. नुसतं नाव जुळलं म्हणून बाप पक्का करू नये. दोन वेगळ्या प्रकारचे कागद जुळायला हवेत, आणि त्यांतला एक तरी जमिनीच्या नंबराने, वयाने किंवा भावंडांमुळे बांधलेला हवा. घाईत चिकटवलेला चुकीचा बाप पुढच्या पाच पिढ्या चुकीच्या आणतो आणि तो काढणं रिकामी जागा भरण्यापेक्षा अवघड जातं.

जमीन नव्हती तर

गावकीचं काम करणाऱ्या घराण्यांची नोंद वतनाच्या कागदांत आहे. महार, रामोशी वगैरे कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने, कुलकर्णी वतनं १९५० च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. रद्द होताना जमिनी पुन्हा कोणाला द्यायच्या हे ठरवायला हक्कदारांची नावं लागली, त्यामुळे त्या काळातल्या फेरफारांत वतनी भाऊबंदांच्या याद्या मिळतात. पलटणीत गेलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात बापाचं नाव आणि मूळ गाव असतं. घरात पेन्शनचा कागद किंवा पदकावर नंबर असेल तर तो घेऊन संबंधित रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे.

क्षेत्रोपाध्ये आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावं असतात: स्वतःचं, बापाचं, आज्याचं, भावांचं. जाताना मूळ गाव, तालुका, जात आणि आडनाव घेऊन जा, कारण वह्या साधारणतः गावावरून आणि घराण्यावरून लावलेल्या असतात. आज राहता ते गाव सांगितलं तर चुकीच्या उपाध्यांकडे जाल. दक्षिणा आधी ठरवा, मूळ पानाचा फोटो मागा, आणि तोंडी वाचून दाखवलेल्यावर समाधान मानू नका. प्रत्येक भेटीच्या वेळी लिहिलेला मजकूर घरच्यांच्या आठवणीवर बेतलेला असतो. त्या वेळी हयात असलेल्यांची नावं पक्की, चार पिढ्यांमागची ऐकीव.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे बैल घेऊन गावोगाव फिरणारे हेळवी घराण्यांच्या वंशावळी सांगतात आणि लिहूनही ठेवतात. तुमच्या भावकीचा हेळवी कोण हे गावातल्या जुन्या घरात कळतं. ‘राजघराण्यापासूनची वंशावळ काढून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणारा मात्र हेळवीही नसतो आणि उपाध्याही.

गोव्यात मूळ असेल तर वाट वेगळी. तिथे नागरी जन्मनोंदणी १९१४ च्या सुमारास सुरू झाली, त्याआधी ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची बाप्तिस्मा रजिस्टरं. ‘पाय इन्कॉग्नितो’ म्हणजे बाप अज्ञात असं स्पष्ट लिहिलेलं असलं तरी समासातल्या नंतरच्या नोंदी वाचा: बापाने पुढे मूल मान्य केलं असेल तर तसा शेरा असू शकतो. घरातल्या कुणाच्या मृत्यूनंतर इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीच्या वाटणीची कोर्टातली कारवाई, झाली असेल तर त्या फाइलीत वारसांची यादी असते. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांसाठी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या स्थलांतर दप्तरापासून सुरुवात करावी. करारावर तिथे गेलेल्या मजुराच्या क्रमांकावरून त्याची नोंद निघते. तिथलं आजचं आडनाव अनेकदा कुण्या पूर्वजाचं पहिलं नाव असतं, हे लक्षात ठेवून वाचा.

दुय्यम निबंधक आणि कोर्ट

दत्तकाची शंका असेल तर दस्त जिथे नोंदले जातात त्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दत्तकपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र शोधायचं. पुस्तक क्रमांक १ मधल्या, म्हणजे स्थावर मिळकतीच्या दस्तांची सूची आणि नक्कल कोणालाही फी भरून मिळते. पुस्तक ४ मधल्या, म्हणजे स्थावराशी संबंध नसलेल्या, दस्तांची नक्कल फक्त पक्षकारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना. वारस म्हणून अर्ज करताना नातं दाखवणारा कागद जोडा. घराण्यात जमिनीचा दावा कधी लढला गेला असेल तर त्याचा निकाल जरूर काढा. दिवाणी दाव्यात दोन्ही बाजू वंशावळ दाखल करतात आणि समोरचा तीतली चूक शोधायला टपलेला असतो, त्यामुळे असा कागद घरच्या वंशावळीपेक्षा जास्त विश्वासाचा.

पुराभिलेखागार

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आणि इनाम कमिशनचे, म्हणजे इंग्रजांनी इनामांचे हक्क तपासले त्या चौकशीचे, कागद आहेत. इनामदार, देशमुख, देशपांडे, पाटील, जोशी अशा वतनी घराण्यांनी हक्क शाबीत करायला दिलेल्या कैफियतींत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं मिळतात. साध्या कुळाच्या बापाचं नाव तिथे मिळण्याची आशा कमी, म्हणून ही पायरी इतकी खाली. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही राज्य पुराभिलेखागाराच्या शाखा आहेत.

बहुतेक मजकूर मोडीत. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि ‘मौजे’सारखे शब्द ‘मौ॥’ असे आखडलेले असतात. बाराखडी शिकून छापील मोडी वाचता येईल, कारकुनी मोडी नाही. नावाच्या बाबतीत एक अक्षर चुकलं की बाप बदलतो, तेव्हा इथे हौस बाजूला ठेवून अनुभवी मोडी वाचकाकडे जा. लिप्यंतरासोबत मूळ पानाचा फोटो आणि शंकास्पद अक्षरांवर खूण मागा. कागद जात पडताळणीत किंवा कोर्टात द्यायचा असेल तर कोणाचं लिप्यंतर मान्य होईल ते आधी त्या कार्यालयात विचारा.

सर्वांत शेवटी डीएनए

काही हजार रुपये आणि बरंच मानसिक ओझं, म्हणून शेवटी. कागदांवरून दोन-तीन संभाव्य बाप उरले असतील तरच उपयोग. अंधारात केलेली चाचणी फारसं काही सांगत नाही, कारण आपल्याकडे चाचणी केलेली माणसं कमी आणि जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांमुळे दूरचे जुळणारे खरे आहेत त्यापेक्षा जवळचे भासतात.

चाचणी कोणाची करायची हे महत्त्वाचं. पणजोबांचे वडील शोधत असाल तर संभाव्य बापाच्या दुसऱ्या मुलाकडून आलेला, तुमच्या पिढीतला वंशज तुमचा तिसऱ्या फळीतला भाऊबंद ठरतो. दोघांत सरासरी पाऊण टक्का डीएनए सामायिक, आणि अशा दहा जोड्यांतल्या एकीत काहीच न सापडण्याची शक्यता. वडिलांच्या पिढीत तेच प्रमाण सुमारे तीन टक्के, आजोबांच्या पिढीत साडेबारा. घरातला सर्वांत वयस्कर माणूस तयार असेल तर त्याचीच चाचणी करा. बापाकडून मुलाकडे अखंड जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी दोन्ही घरच्या सरळ पुरुषवंशातल्या माणसांची करावी, किमान ३७ खुणांची, जमल्यास १११. दोन्ही वेगळ्या निघाल्या तर तो उमेदवार बहुधा बाद होतो. जुळल्या तर पुरुषवंश एक, एवढंच कळतं; दोन सख्ख्या भावांपैकी बाप कोणता हे वाय चाचणी सांगू शकत नाही. वाय गुणसूत्राचा नुसता ‘आर१ए’ किंवा ‘एच’ असा ढोबळ गट जुळला, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

कुठे हात थांबवायचा

मिळकतीचा हक्क, दत्तकाची वैधता किंवा वारसाहक्क यांचा प्रश्न आला की दिवाणी वकिलाकडे जा आणि तोवर भाऊबंदांना कुठलाही कागद सही करून देऊ नका. घरी मागवलेल्या डीएनए किटचा अहवाल कोर्टात पुरावा म्हणून टिकेल असं गृहीत धरू नका. नमुना कोणाचा आणि कोणासमोर घेतला हे त्यात सिद्ध होत नाही.

जुन्या रजिस्टरमध्ये वेगळ्या शाईने घुसवलेलं नाव, खाडाखोड, रेघेबाहेरची जात दिसली तर तो कागद वापरू नका, दुरुस्त करून तर मुळीच घेऊ नका. खोटी वंशावळ जोडून मिळवलेलं जात प्रमाणपत्र रद्द होतं आणि २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात त्यासाठी शिक्षा आहे.

डीएनएत हयात माणसाच्या जन्माबद्दल अनपेक्षित काही निघालं तर ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका; आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. तिसऱ्या लक्षणातल्या बायकांबद्दलही तेच भान ठेवा. देवदासीच्या किंवा फसवल्या गेलेल्या मुलीच्या मुलाचा बाप अनेकदा कधी लिहिलाच गेला नाही. गावात ‘कोणाचा होता’ हे सर्वांना ठाऊक असतं, आणि त्या माणसाचे नातू आज शेजारच्या गल्लीत राहत असतात. ऐकीव नाव कागदाशिवाय वंशावळीत चढवलं की त्याचा त्रास हयात माणसांना होतो, शोधणाऱ्याला नाही.

अशा ठिकाणी वंशावळीत आईचं नाव लिहा, बापाच्या जागी ‘नोंद मिळाली नाही’ लिहा, आणि खाली तपासलेली दप्तरं सालांसकट उतरवा: गाव नमुना १४ कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहिला, कोणते फेरफार पाहिले, कोणती बुकं फाटलेली किंवा गहाळ होती. गहाळ म्हणून सांगितलेलं बुक स्कॅनिंगच्या वेळी दुसऱ्या कपाटात निघतं, असं होतं. पुढच्या माणसाला मग तेवढं एकच पाहावं लागेल.